साडेचार वर्षांची ‘सुलतानी’

बुद्धिबळाच्या स्पर्धेत उतरायचे तर डावपेचांचा सराव हवा, ही गोष्ट दादर-गिरगावच्या शाळकरी मुलांना आता नव्याने सांगावी लागत नाही. दोन चालींत मात कशी होईल, घोड्याच्या एकाच उडीत राजा आणि हत्ती दोन्ही कसे सापडतील, उंटाच्या रेषेत प्रतिस्पर्ध्याचे मोहरे कसे जखडून ठेवता येईल, अशी शेकडो उदाहरणे सोडवून झाल्यावरच परळ-लालबागमधला एखादा मुलगा स्पर्धेच्या पटावर बसतो. प्रारंभांची पुस्तके, संगणक, प्रशिक्षक असा सारा सरंजाम त्याच्या दिमतीला असतो. यांपैकी जवळजवळ काहीही हाताशी नसताना एका भारतीय खेळाडूने १९२९ ते १९३३ या काळात तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले आणि माजी जगज्जेते कॅपाब्लांका यांना पराभवाची चव चाखायला लावली. त्या खेळाडूचे नाव सुलतान खान. त्यांची कारकीर्द जेमतेम साडेचार वर्षांची. पण स्पर्धेची तयारी म्हणजे नेमके काय, या प्रश्नाचा विचार करताना आजही त्यांच्याच आयुष्याकडे वळून पाहावे लागते.

डावपेचांची उदाहरणे सोडवण्याची रीत आपल्याला पाश्चात्त्यांनी शिकवली, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. १८१४ मध्ये मुंबईतच त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील इंग्रजी पुस्तक छापले गेले. ‘विलासमणिमंजरी’ या मूळ संस्कृत ग्रंथावर ते आधारलेले होते. ऐन लढतीतल्या बिकट स्थिती विद्यार्थ्यापुढे मांडायच्या आणि त्यातून मार्ग काढण्याची सवय त्याला लावायची, असे त्या पुस्तकाचे स्वरूप होते. म्हणजे आजच्या सराव पुस्तकांचा हा पूर्वजच म्हणायचा. डावाच्या मध्यात आणि अखेरीस अचूक हिशेब करणारा खेळाडू घडवणे, हे देशी बुद्धिबळाचे बलस्थान होते. सुलतान खान त्याच परंपरेतून वर आले.

पंजाबातील मिठा तिवाना या गावी १९०३ मध्ये त्यांचा जन्म झाला. हे गाव आता पाकिस्तानात आहे. वडील मियाँ निजामुद्दीन स्वतः चांगले खेळाडू होते. वयाच्या नवव्या वर्षी त्यांनी मुलाला पटाची ओळख करून दिली. त्या काळी उत्तर हिंदुस्थानातील गावोगावी बुद्धिबळाचे डाव रंगत आणि उत्तम खेळाडूला मान मिळत असे. सुलतान खान यांचा खेळ घरात आणि गावातच वाढला. एकविसाव्या वर्षी ते पंजाबातील अव्वल खेळाडू म्हणून ओळखले जाऊ लागले.

हा खेळ मात्र आजच्या बुद्धिबळापेक्षा काही बाबतींत वेगळा होता. देशी पद्धतीत प्यादे सर्वसाधारणपणे पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोटाची सोय नव्हती. त्याऐवजी राजाला शह बसलेला नसेल, तर डावात एकदा घोड्याची उडी मारण्याची मुभा त्याला असे. पलीकडच्या टोकाला पोहोचलेल्या प्याद्याचा हवा तेव्हा वजीर करता येत नसे. ते घर ज्या मोहऱ्याचे, तेच मोहरे त्या प्याद्याला मिळे. नियमांत प्रांतोप्रांती थोडेफार फरक होते. पण डावाची सुरुवात संथ आणि शेवट किचकट, हे सूत्र सगळीकडे सारखेच होते. प्याद्याने केलेली मात विशेष प्रतिष्ठेची मानली जात असे. ‘प्यादेमात’ हा शब्द मराठी भाषेत रुळला, तोही यामुळेच.

या नियमांचा खेळाडूच्या तयारीवर दूरगामी परिणाम होत असे. प्यादी एकेक घर सरकत असल्याने सुरुवातीच्या चालींत दोन्ही सैन्ये समोरासमोर येतच नसत. जो तो आपल्या बाजूला मोहऱ्यांची मांडणी करी. मग एकाएकी गाठ पडे आणि पटावर जवळजवळ सर्व मोहरी शिल्लक असताना मोठी गुंतागुंत होई. तिथे पाठांतराचा उपयोग नसे, मनातल्या मनात पुढच्या पाच-सहा चाली मोजाव्या लागत. प्याद्याची बढती अवघड असल्याने अखेरच्या टप्प्यातील डावही संयमानेच जिंकावे लागत. लहानपणापासून अशा हजारो डावांत मुरलेला खेळाडू मध्यात आणि अखेरीस कोणालाही भारी पडू शकत होता. युरोपातील खेळाडूंची तयारी याच्या नेमकी उलट होती. तिथे पहिल्या दहा-बारा चालींवरच ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले होते. त्यांच्याशी टक्कर द्यायची तर हे ग्रंथ माहीत असणे भाग होते.

हे अंतर भरून काढण्याची संधी सुलतान खान यांना दिली ती सर उमर हयात खान तिवाना यांनी. पंजाबातील हे बडे जमीनदार लष्करात अधिकारी होते आणि ब्रिटिश दरबारात त्यांचे मोठे वजन होते. शिकार, घोडे आणि बुद्धिबळ हे त्यांचे शौक. त्यांनी सुलतान खान यांना आपल्या पदरी घेतले, त्यांच्या निर्वाहाची सोय केली आणि युरोपीय पद्धतीचे नियम शिकण्याची व्यवस्था केली. त्याचे फळ लवकरच मिळाले. १९२८ मध्ये अखिल भारतीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्या नऊ डावांत सुलतान खान यांनी आठ विजय मिळवले आणि एक डाव बरोबरीत सोडवला. एकही डाव त्यांनी गमावला नाही.

पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, उमर हयात खान भारतमंत्र्यांच्या मंडळाचे सदस्य म्हणून लंडनला गेले. त्यांच्याबरोबर सुलतान खानही गेले. ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धा साम्राज्यातील प्रजाजनांना खुली होती आणि त्या स्पर्धेत आपला खेळाडू उतरवण्याचा सर उमर यांचा मनोदय होता. त्याआधी अंदाज घेण्यासाठी लंडनमध्ये एक छोटी सराव स्पर्धा आयोजित करण्यात आली. तिचा निकाल मात्र निराशाजनक लागला. सुलतान खान तळाच्या स्थानावर फेकले गेले. देशात अपराजित राहिलेला हा खेळाडू प्रारंभीच्या चालींतच मागे पडत होता. वाईट स्थितीतून सावरण्यातच त्याची बरीचशी शक्ती खर्ची पडत होती.

तेव्हा विल्यम विंटर आणि फ्रेडरिक येट्स हे दोन इंग्लिश खेळाडू मदतीला आले. येट्स यांच्या नावावर एकूण सहा ब्रिटिश अजिंक्यपदांची नोंद आहे. विंटर यांनीही पुढे १९३५ आणि १९३६ मध्ये हा किताब मिळवला. या दोघांनी सुलतान खान यांना प्रारंभांचे सिद्धान्त समजावून सांगितले आणि त्यांचा सराव घेतला. हाताशी वेळ थोडा होता, मधे भाषेचा अडसर होता. जे युरोपीय खेळाडू वर्षानुवर्षे शिकत, ते काही आठवड्यांत पदरात पाडून घ्यायचे होते. सगळे शिकवणे शक्यच नव्हते. सुरुवातीला फार नुकसान होऊ नये, एवढी तयारी झाली तरी पुरे होते. पुढचे सुलतान खान पाहून घेणार होते.

झालेही तसेच. १९२९ च्या उन्हाळ्यात रॅम्सगेट येथे झालेल्या ब्रिटिश अजिंक्यपद स्पर्धेत सुलतान खान पहिले आले. काही महिन्यांपूर्वी सराव स्पर्धेत तळाला गेलेला खेळाडू साम्राज्याचा विजेता ठरला, याचे इंग्लंडला नवल वाटले. मात्र या यशानंतर खेळाची घडी बसवायला उसंत मिळालीच नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस यजमानांबरोबर त्यांना मायदेशी परतावे लागले आणि १९३० मध्ये ते पुन्हा युरोपात आले. कुठे जायचे, केव्हा परतायचे आणि कोणती स्पर्धा खेळायची, हे ठरवणे त्यांच्या हाती नव्हते.

पुढची तीन-साडेतीन वर्षे हा त्यांच्या कारकिर्दीचा सुवर्णकाळ. १९३० मध्ये लीज येथील स्पर्धेत टार्टाकोव्हर यांच्या पाठोपाठ त्यांनी दुसरा क्रमांक मिळवला. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत ऑयवे आणि कॅपाब्लांका यांच्यानंतर ते तिसरे आले. याच स्पर्धेत त्यांची आणि कॅपाब्लांका यांची गाठ पडली. १९२१ ते १९२७ अशी सहा वर्षे जगज्जेते असलेले कॅपाब्लांका क्वचितच हरत.

हा डाव आजही अभ्यासण्याजोगा आहे. पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या सुलतान खान यांनी पाचव्या चालीला वजिराच्या बाजूच्या हत्तीपुढचे प्यादे एक घर पुढे सरकवले. प्रतिस्पर्ध्याच्या उंटाला रोखणारी ही छोटीशी चाल त्या काळी फारशी कोणी खेळत नसे. पुढे जगज्जेते तिग्रान पेत्रोस्यान यांनी तिला प्रतिष्ठा मिळवून दिली आणि १९८० च्या दशकात गॅरी कास्पारोव्ह यांनी तिचा हत्यारासारखा वापर केला. २३ व्या चालीला सुलतान खान यांनी आपला वजीर दिला आणि बदल्यात दोन हत्ती मिळवले. संपूर्ण डावात त्यांनी किल्लेकोट केलाच नाही. त्यांचा राजा पटाच्या मध्यावरच राहिला, चालत पुढे आला आणि हत्ती मारण्यातही सामील झाला. एकेक घर सरकणारी प्यादी आणि स्वतःच्या पायांनी वाट काढणारा राजा ही देशी पटावरची जुनी शिकवण तिथे कामी आली, असे म्हटल्यास वावगे ठरू नये. त्यानंतर घाई न करता हत्तींनी वजिराची कोंडी करत त्यांनी ६५ चालींत डाव जिंकला. कॅपाब्लांका यांचा त्या स्पर्धेतला तो एकमेव पराभव. पुढे कॅपाब्लांका यांनीही सुलतान खान यांची प्रतिभा असामान्य असल्याची मनमोकळी कबुली दिली.

हा विजय योगायोगाचा नव्हता, हे लवकरच सिद्ध झाले. १९३१ मध्ये त्यांनी टार्टाकोव्हर यांच्याशी बारा डावांचा सामना खेळून तो साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी जिंकला. त्याच वर्षी प्राग येथील ऑलिंपियाडमध्ये इंग्लंडच्या पहिल्या पटावर बसून त्यांनी सतरा डावांत आठ विजय मिळवले, सात बरोबरी साधल्या आणि अवघे दोन डाव गमावले. फ्लोर आणि रुबिनस्टाइन या मातब्बरांना त्यांनी नमवले आणि तत्कालीन जगज्जेते अलेखाइन यांच्याशी बरोबरी केली. १९३० मध्ये हॅम्बुर्ग आणि १९३३ मध्ये फोकस्टन येथेही इंग्लंडचा पहिला पट त्यांच्याकडेच होता. १९३२ मध्ये फ्लोर यांच्याविरुद्धचा सामना त्यांनी एका गुणाच्या फरकाने गमावला. त्याच वर्षी आणि १९३३ मध्येही ब्रिटिश अजिंक्यपद मात्र त्यांनी पुन्हा आपल्याकडे खेचून आणले. १९३३ च्या महिला ब्रिटिश अजिंक्यपदावर फातिमा यांनी नाव कोरले. त्याही उमर हयात खान यांच्याच आश्रयाला होत्या. एकाच घरातील दोन भारतीयांनी ब्रिटनची दोन्ही अजिंक्यपदे त्या वर्षी जिंकली.

हे यश मिळत असताना सुलतान खान यांचे शरीर त्यांना साथ देत नव्हते. इंग्लंडची दमट थंडी त्यांना मानवली नाही. सर्दी, ताप आणि घशाचे विकार पाठ सोडत नसत. गळ्याभोवती पट्ट्या गुंडाळून ते अनेकदा पटावर येत. चेहऱ्यावर मात्र कशाचाही मागमूस नसे. डाव जिंकत आला आहे की हरत, हे समोरच्याला त्यांच्या मुद्रेवरून कधीच कळत नसे.

दुसरा सल अधिक खोल होता. पटावर जगातील अव्वल दहा-बारा खेळाडूंत गणना होणारा हा माणूस पटावरून उठला की पुन्हा आश्रित होई. अमेरिकी खेळाडू रूबेन फाइन यांनी नोंदवलेली एक आठवण बुद्धिबळाच्या इतिहासात वारंवार सांगितली जाते. १९३३ मध्ये उमर हयात खान यांच्या लंडनमधील घरी अमेरिकी संघाला मेजवानी होती आणि पाहुण्यांना वाढण्याचे काम खुद्द सुलतान खान करत होते, अशी ती हकिगत. त्यांच्या कुटुंबीयांना हे चित्र मान्य नाही. सुलतान खान हे प्रतिष्ठित जमीनदार घराण्यातले होते, निरक्षर नव्हते आणि नोकर तर नव्हतेच, असे त्यांचे म्हणणे आहे. युरोपीय लेखकांनी एका अडाणी सेवकाची अद्भुत कथा रंगवण्याच्या नादात खऱ्या माणसाकडे दुर्लक्ष केले, असा त्यांचा आक्षेप आहे. या आक्षेपात तथ्य आहे. आठव्या-नवव्या वर्षापासून केलेल्या अखंड सरावाला दैवी चमत्काराचे नाव दिले की त्यामागच्या मेहनतीचे मोल आपोआप कमी होते. मात्र त्यांच्या खेळाचे वेळापत्रक दुसऱ्याच्या मर्जीवर अवलंबून होते, याविषयी दुमत नाही.

१९३३ च्या अखेरीस उमर हयात खान यांचे लंडनमधील वास्तव्य संपत आले आणि सुलतान खान मायदेशी परतले. त्या हवामानातून सुटल्यावर त्यांना तुरुंगातून मुक्त झाल्यासारखे वाटले, असे फातिमा यांनी पुढे सांगितले. १९३५ मध्ये व्ही. के. खाडिलकर या मराठी खेळाडूशी त्यांचा दहा डावांचा सामना झाला. खाडिलकर हे त्या काळातील देशातील नामवंत खेळाडू. पण त्यांनाही दहापैकी एकच डाव बरोबरीत सोडवता आला, उरलेले नऊ सुलतान खान यांनी जिंकले. युरोपातील अव्वल खेळाडूंशी चार वर्षे झुंजून आलेला खेळाडू आणि ती संधी न मिळालेला खेळाडू यांच्यात केवढे अंतर पडते, ते या सामन्यात दिसले. स्पर्धेची खरी तयारी स्पर्धेतच होते, हा त्याचा अर्थ. महाराष्ट्रात गुणवत्तेची वाण नव्हती, अशा संधींची मात्र होती.

हा सामना म्हणजे त्यांच्या कारकिर्दीचा जवळजवळ शेवटच ठरला. तेव्हा त्यांचे वय होते अवघे बत्तीस. बुद्धिबळपटूच्या दृष्टीने हे ऐन उमेदीचे वय. १९४४ मध्ये उमर हयात खान यांचे निधन झाले. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली आणि सुलतान खान यांचे गाव पाकिस्तानात गेले. ते आपल्या जमिनीवर शेती करत राहिले. मोठ्या कुटुंबाचा संसार त्यांनी सांभाळला. आपल्या मुलांना मात्र त्यांनी बुद्धिबळाच्या वाटेला लावले नाही. त्यांनी याहून अधिक उपयोगी काही करावे, अशी त्यांची इच्छा होती, असे त्यांच्या मुलाने सांगितले आहे. ज्याने पटावर जगज्जेत्यांना झुंजवले, त्याला आपल्या अपत्यांसाठी पट सुरक्षित वाटला नाही, ही गोष्ट चटका लावून जाते.

१९५० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघाने प्रथमच अधिकृतपणे किताब बहाल केले. पहिल्या सत्तावीस ग्रँडमास्टरांच्या यादीत टार्टाकोव्हर होते, फ्लोर होते. कित्येक वर्षांपूर्वी स्पर्धात्मक बुद्धिबळ सोडलेले रुबिनस्टाइनही होते. या तिघांवर मात करणारे सुलतान खान मात्र कोणत्याच यादीत नव्हते. २५ एप्रिल १९६६ रोजी सरगोधा येथे क्षयरोगाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हाही त्यांच्या नावापुढे कोणताही किताब नव्हता.

दरम्यान भारतातील बुद्धिबळ बदलू लागले होते. १९५१ मध्ये अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघाची स्थापना झाली. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे यांनी डी. वेंकय्या यांच्यासह विजेतेपद विभागून घेतले. आंतरराष्ट्रीय नियम हळूहळू सर्वत्र रुळले आणि देशी पट मागे पडला. मॅन्युएल ॲरन १९६१ मध्ये देशाचे पहिले इंटरनॅशनल मास्टर झाले. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली. तिच्या पहिल्या दहा वर्षांतील सर्व विजेतेपदे मुंबईच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी खाडिलकर या तीन भगिनींनी आपसात वाटून घेतली. १९८८ मध्ये विश्वनाथन आनंद भारताचे पहिले ग्रँडमास्टर झाले. १९९७ मध्ये मुंबईच्या प्रवीण ठिपसे यांनी हा किताब मिळवला. या साऱ्यांनाही अडचणी आल्याच. पण कोणती स्पर्धा खेळायची आणि तिच्यासाठी कसा सराव करायचा, हा निर्णय कोणा सरदाराच्या वाड्यात होत नव्हता.

सुलतान खान यांच्या डावांतून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. प्रारंभांचे पाठांतर कमी पडले, तरी स्थिती वाचण्याची आणि अचूक मोजण्याची सवय पक्की असेल, तर खेळाडू जगातील कोणाशीही दोन हात करू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. रोज दहा-वीस उदाहरणे सोडवणाऱ्या मुलांना नेमकी हीच सवय लावून घ्यायची असते. दुसरी बाजूही विसरता येणार नाही. सुरुवातीला पडलेले पाऊल सावरण्यात त्यांची जी शक्ती खर्च झाली, ती वाचली असती आणि आणखी दहा वर्षे त्यांना स्वतःच्या इच्छेने खेळता आले असते, तर ते कुठवर गेले असते याचा अंदाज करणे कठीण आहे. प्रतिभा आणि मेहनत त्यांच्याकडे होती. आपल्या सरावाचा आणि आपल्या वेळेचा मालक असणे, हे मात्र त्यांच्या वाट्याला आले नाही.

२ फेब्रुवारी २०२४ रोजी इस्लामाबाद येथे जागतिक महासंघाने सुलतान खान यांना मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर किताब जाहीर केला. पाकिस्तानच्या वाट्याला आलेला हा पहिलाच ग्रँडमास्टर किताब. त्यांनी जे काही जिंकले, ते अखंड हिंदुस्थानात जन्मलेला खेळाडू म्हणून जिंकले, त्यामुळे सीमेच्या अलीकडच्या बुद्धिबळप्रेमींनाही त्याचा तितकाच आनंद झाला. कॅपाब्लांका यांच्याविरुद्धच्या विजयाला तोवर त्र्याण्णव वर्षे, तर खुद्द सुलतान खान यांच्या निधनाला जवळपास अठ्ठावन्न वर्षे उलटून गेली होती.